बिनचहाचे मिस्त्री

आकाराम चौगुले चहा पीत नाहीत हे मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. का पीत नाहीत, हे मात्र कुणाला पटेल असं त्यांना कधी सांगता आलं नाही. गळ्यात माळ नव्हती. चहा कुठल्या देवाला सोडलेला नव्हता. पित्ताचा त्रास नव्हता की रक्तात साखर नव्हती. "मग का वो मिस्त्री?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "आवडत न्हाय." एवढ्यावर समोरच्याचं समाधान व्हायचं नाही. खरं कारण अजून मागं असणार म्हणून तो थोडा वेळ वाट बघायचा. पण मागं काही नसायचं.

त्यांचा जन्म नेसरीचा. आई बाळाबाई, तिला ते त्या भागातल्या रीतीप्रमाणे अव्वा म्हणायचे. लहानपणी घरात सकाळी हुलग्याचं माडगं व्हायचं. भाजून दळलेल्या हुलग्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, गूळ आणि सुंठ घालायची, पातळ ठेवायचं आणि वाफ निघते तोवर प्यायचं. आकारामला त्या मातकट, तिखटगोड वासाची इतकी सवय झाली, की पुढे घरात चहा आला तेव्हा दुधात उकळणाऱ्या पत्तीच्या वासानंच त्याच्या पोटात ढवळायला लागलं. मामाच्या लग्नात वऱ्हाडातल्या एका आजोबांनी मांडीवर धरून बळंच बशी तोंडाला लावली. सगळं उलटून नवरदेवाच्या धोतरावर पडलं. त्या दिवशी अव्वानं त्याला मारलं नाही, ती फक्त म्हणाली, "ह्येला न्हाय मानवत. नगा देऊ." नंतर त्यांच्या वतीनं एवढ्या सहज असं बोलणारं माणूस भेटायला बरीच वर्षं जायची होती.

शाळा सुटल्यावर आकाराम कोल्हापुरात आले आणि उद्यमनगरातल्या एका कारखान्यात पॅटर्नच्या कामाला लागले. फाउंड्रीत एखादा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब घडवावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबून साचा करतात आणि मग त्यात लोखंडाचा रस ओततात. सागवान तासायचं, घासायचं, पुन्हा मापून बघायचं, असलं ते काम. हात चांगला होता. काही वर्षांत लोक त्यांना मिस्त्री म्हणायला लागले.

कामात कमी नव्हती. अडचण चहाच्या सुट्टीची होती. भोंगा झाला की सगळे फाटकाबाहेरच्या गाड्यावर जायचे. सुरुवातीला आकारामही जायचे. सगळ्यांच्या हातात पेला, ते तसेच उभे. कुणी म्हणायचं, "आरं घे की लेका, इख न्हाय त्ये." कुणी म्हणायचं, "आमच्या हातचं चालत न्हाय काय तुला?" एकदा एक जुना ओतारी चिडूनच म्हणाला, "तू असा निस्ता बघत हुबा ऱ्हातोस, आमाला गिळवत न्हाय." त्याचं बोलणं खोटं नव्हतं. आकारामनी पुढच्या दिवसापासून जायचं सोडलं. भोंगा झाला की ते आपल्या बाकड्यापाशी थांबायचे, रंध्याला धार लावायचे. बाहेरून हसण्याचा आवाज यायचा.

गाड्यावर नुसता चहा होत नसतो. कोण नोकरी सोडतोय, कुणाच्या पोरीचं जमलं, साहेब कशावर भडकलाय, रविवारी कुणाच्या गावच्या जत्रेला जायचंय, हे सगळं तिथंच ठरायचं. आकारामना ते दोन दिवसांनी कळायचं किंवा कळायचंच नाही. एका जत्रेला सगळं खातं गेलं आणि ह्यांना सांगायचं राहून गेलं. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. "आरं, तू हुतास कुटं सांगताना?" एवढंच ते म्हणाले.

लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा हाच चहा आडवा आला. पहिली मुलगी बघायला ते चुलत्यांबरोबर वडणग्याला गेले. मुलीनं ट्रे पुढे केला. आकारामनी हात जोडले आणि म्हणाले, "मी घेत न्हाय." मुलगी क्षणभर तशीच उभी राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्यांना दिसल्या. पोरगी पसंत नसली तर घरचं काही न घेता उठायचं, असा त्या घरानं अर्थ काढला. नकार आकारामनी दिलाच नव्हता. तरी तो त्यांच्याच नावावर लागला.

दुसऱ्या वेळी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात जायचं होतं. निघताना चुलत्यांनी बजावलं, "एक घोट. मेलास तरी चालंल, पन एक घोट घ्यायचा." मुलीचं नाव हौसा. तिनं चहा दिला आणि आत जाऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आकारामनी कप उचलला, ओठापर्यंत नेला, खाली आणला. पुन्हा नेला. कपाळावर घाम आला. मोठी माणसं पावसापाण्याचं बोलत होती. कुणाचं लक्ष नव्हतं. एवढ्यात हौसा सरळ बाहेर आली, त्यांच्या हातातून कप काढून घेतला आणि म्हणाली, "माशी पडलीया. ऱ्हाऊ द्या, दुसरं आणते." माशी नव्हती. थोड्या वेळानं तिनं पितळी पेल्यातून सुंठ घातलेलं गरम गुळवणी आणलं. आकारामनी ते तळापर्यंत प्यायलं. परतताना चुलते खुशीत होते. "बघ, घेतलास का न्हाय?" ते म्हणाले. आकारामच्या मनात मात्र लग्न ठरून गेलं होतं.

लग्नानंतर त्यांनी तिला विचारलं, "तुला कसं कळालं?"

"मेलेल्या उंदराकडं बघावं तसं कपाकडं बघत हुतासा की," हौसा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

ती स्वतः मात्र चहाची मोठी भोक्ती. तिचा चहा कडक, आलं ठेचून घातलेला, त्यात दारातल्या कुंडीतली गवती चहाची पात. बशीत ओतून, फुंकर मारून प्यायची. सकाळी चुलीपाशी, पुढे गॅसपाशी, दोन भांडी ठेवलेली असायची. एकात तिचा चहा, एकात ह्यांचं माडगं. हुलगे ती माहेराहून आणवायची. तिनं त्यांना कधी "घ्या की" म्हटलं नाही. चहा उकळताना आठवणीनं खिडकी उघडायची. ह्यांचं पेलाभर संपायचं, हे उठून कामाला जायचे, तेव्हा तिची पहिली बशी नुकती सुरू झालेली असायची. दुपारी गल्लीतल्या बायका तिच्याकडे जमायच्या. धोंडुबाई तर रोजच. समोरच्या कोपऱ्यावर करीमभाई मुल्लाणींचं शिलाईचं दुकान होतं. त्यांच्या बायकोला, फातिमाभाभींना, कपडे पोचवायला जाताना दोन मिनिटं तरी टेकल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. आकारामना ह्या दुपारी माहीतच नव्हत्या. निवृत्त झाल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं की आपल्या घराला अशी एक वेळ असते. ते बाहेरच्या खोलीत आले की बायका आवाज कमी करायच्या, पदर सावरायच्या. मग ते आतल्या खोलीत पेपर घेऊन बसायला लागले. भिंतीपलीकडे हशा व्हायचा. उद्यमनगरात होते तसेच ते घरीही झाले होते, पण इथं हसणाऱ्यांत हौसाचा आवाज असायचा, म्हणून ते ऐकायला बरं वाटायचं.

एकदा, असंच पाट्यावर आलं ठेचताना हौसा म्हणाली, "तुमच्यासंगट सगळं झालं बगा. तेवढं बसून एक कप चहा घ्यायचा ऱ्हायला."

"घेऊ की कवातरी," ते म्हणाले.

"नगं. तुमचं तोंड बघून माजा बी उतरायचा न्हाय घशाखाली," ती म्हणाली, आणि दोघं हसले. बोलणं तिथंच राहिलं.

हौसाच्या पोटाचं दुखणं निघालं तेव्हा फार पुढं गेलं होतं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, त्यांना काय हवं ते द्या. हौसाला दुसरं काही नको असायचं. सकाळी आणि दुपारी चहा तेवढा मागायची. मुलगा यशराज आणि सून निशिगंधा पुण्याहून येऊन-जाऊन होते. बाकीच्या वेळी चहा करायचं आकारामवर आलं. आयुष्यात पहिल्यांदा ते पातेल्यासमोर उभे राहिले. नाकाला रुमाल लावून, मान वळवून, दूध वर आलं की चटकन उतरवायचे. चव घेऊन बघायचा प्रश्नच नव्हता. ते तिला पाठीला हात देऊन बसवायचे आणि बशी धरायचे. ती दोन-तीन घोट घ्यायची.

"कसा झालाय?" ते विचारायचे.

"चांगला झालाय की," ती म्हणायची.

रोज विचारायचे, रोज ती तेच म्हणायची. आकारामना त्याचा आधार वाटायचा. एवढं तरी आपल्याला येतं, असं त्यांना वाटायचं.

मग ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर यशराजनं ऐकलं नाही. "आबा, एकटं हितं काय करणार? चला," म्हणून त्यांना वाकडच्या फ्लॅटवर घेऊन गेला. सून गुणी होती. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "आबा, तुम्हाला चहा चालत नाही हे मला माहितेय. तुम्हाला काय लागतं ते सांगा. इथं कुणाला कसली जबरदस्ती नाही." दोन दिवसांत तिनं फोनवरून मागवलेलं हुलग्याचं पीठ आलं, चकचकीत पाकिटात. त्या घरात प्रत्येकाचं पेय वेगळं होतं. यशराजची काळी कॉफी, मशिनवर घरघर करत होणारी. निशिगंधाचा गवतासारख्या वासाचा पातळ हिरवा चहा. नातू आदर्श चॉकलेटची पावडर घातलेलं दूध घेऊन कानात वायर घालून बसायचा. प्यायचा मगही प्रत्येकाचा वेगळा, त्यावर नाव लिहिलेलं. ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तो ओट्यापाशी जायचा, आपलं करून घ्यायचा आणि आपला मग उचलून खोलीत जायचा. आबांसाठीही एक मग आणला होता.

आकाराम आपलं माडगं करायचे आणि गॅलरीत बसून प्यायचे. खाली गाड्यांची रांग दिसायची. कुणी त्यांना हसत नव्हतं, कुणी कारण विचारत नव्हतं. आयुष्यभर जे हवं होतं ते मिळालं होतं. एक दिवस लिफ्टमध्ये ओळख झालेल्या एका गृहस्थांनी घरी बोलावलं. "चहा घेणार?" त्यांनी विचारलं. "न्हाय, मी घेत न्हाय," आकाराम म्हणाले. "ओके," ते गृहस्थ म्हणाले. बस, एवढंच. दोघं सोफ्यावर बसले, ह्यांनी पंख्याकडे बघितलं, त्यांनी मोबाइलकडे बघितलं. थोड्या वेळानं आकाराम उठले. कोल्हापुरात ह्याच प्रश्नावर अर्धा तास भांडण झालं असतं. घेत न्हाय म्हंजे काय? कवापासनं? कुणी सांगितलं? मग दूध घ्या, मग ताक घ्या, मग निदान बिस्कीट तरी. लोक छळत होते तेव्हा ते आपल्याशी बोलत होते, हे त्या सोफ्यावरून उठताना त्यांच्या लक्षात आलं.

थंडी सरता सरता ते परत निघाले. यशराज म्हणाला, "आबा, काय कमी पडलं का?"

"काय न्हाय बाळा. सगळं बेस हाय."

"मग?"

"घर बंद हाय तिकडं," ते म्हणाले.

घर खरोखर बंद होतं आणि उघडल्यावरही तसंच राहिलं. येणारे दारात उभे राहायचे. "आलासा व्हय मिस्त्री? बरं हाय नव्हं?" म्हणायचे. आकाराम "बसा की" म्हणायचे. बसायला कारण लागतं. माणूस उगीच दुसऱ्याच्या कॉटवर किती वेळ बसणार? लोक "येतो परत" म्हणून जायचे. एका दुपारी धोंडुबाई आल्या. हौसा असताना ज्या भिंतीला टेकून बसायच्या त्याच भिंतीला टेकून बसल्या. दोन वाक्यं झाली. मग त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिल्या. तिथून काही येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. नजर आपली सवयीनं जात होती. शेवटी त्यांनी डोळ्याला पदर लावला, "जाते भावजी," म्हणाल्या आणि गेल्या. चपला पायात सरकवल्याचा आवाज झाला, मग गल्लीत पुन्हा सामसूम.

दुसऱ्या दिवशी आकाराम जाऊन चहापत्तीचं पाकीट घेऊन आले. दुकानदारानं पाकिटाकडे आणि त्यांच्याकडे असं आळीपाळीनं बघितलं.

त्यांनी करीमभाईंना बोलावलं. करीमभाईंची नजर अधू झाल्यापासून दुकान नावाला उरलं होतं. मशिनवर कापड झाकून ते दारात खुर्ची टाकून बसलेले असायचे. "मिस्त्री चहाला बोलावतोय?" ते म्हणाले. "तब्येत बरी हाय नव्हं तुमची?" पण आले. आकारामनी आत जाऊन, नाकाला रुमाल बांधून, पूर्वी करत होते तसाच चहा केला आणि कपबशी त्यांच्यापुढे ठेवली. करीमभाईंनी एक घोट घेतला. मग बशी अलगद खाली ठेवली.

"मिस्त्री, खरं सांगू का?"

"सांगा की."

"राग न्हाय ना यायचा?"

"न्हाय."

"ह्यो चहा न्हाय. ह्ये गरम दूध हाय. पत्ती निस्ती लांबनं दावलीया त्येला." करीमभाई हसायला लागले. "पत्ती घातलासा कवा?"

"शेवटाला. दूध वर आल्यावर."

"आन उकळलासा किती?"

"उकळला न्हाय. वास येतोय म्हणून लगेच उतरवला."

करीमभाईंना हसू आवरेना. त्यांनी डोळे पुसले, मान वर केली, आणि आकारामचा चेहरा बघून थांबले. आकाराम कपाकडे बघत होते.

"हौसाला मी असाच देत हुतो," ते म्हणाले.

करीमभाईंनी विचारलं, "वहिनी काय म्हणायच्या?"

"चांगला झालाय म्हणायची. रोज."

बाहेरून भंगारवाल्याची आरोळी गेली. आकाराम तसेच बसून राहिले. आलं ठेचून, पात घालून, रंग येईस्तोवर चहा उकळत ठेवणारी बाई आयुष्याच्या शेवटी फिकं दूध पीत राहिली होती, आणि ते प्रत्येक वेळी "कसा झालाय" असं विचारून तिच्याकडून शाबासकी घेत होते. तिला सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतं तर त्यांनी नाक दाबून, जीव मुठीत धरून, का होईना पण उकळला असता. बहुतेक म्हणूनच तिनं सांगितलं नाही. त्यांच्या गळ्यातून कसलातरी आवाज निघाला. हौसा गेली त्या दिवशी, आलेल्या माणसांच्या देखत, ते रडले नव्हते.

करीमभाईंनी काही समजूत घातली नाही. त्यांनी कप उचलला आणि तो गार होत आलेला, फिका, साय धरलेला चहा एका दमात तळापर्यंत संपवला. रिकामा कप बशीत पालथा घातला. मग म्हणाले, "चला आत. शिकवतो."

ओट्यापाशी दोघं म्हातारे उभे राहिले. आधी पाणी, मग पत्ती, मग दम धरायचा, दूध शेवटी. आकारामना चव कळणार नव्हती, म्हणून करीमभाईंनी रंग बघायला सांगितलं. "कसा रंग पायजे?" आकारामनी विचारलं. करीमभाईंना सांगता येईना. त्यांना स्वतःलाच आता रंग नीट दिसत नव्हते. ते पातेल्यावर वाकून वासावरून "अजून, अजून" म्हणत राहिले. शेवटी "आता बास" म्हणाले तेव्हा आकारामनी रुमाल सावरत आत डोकावून बघितलं. जुन्या सागवानावर तेलाचा हात फिरवल्यावर येतो तो रंग होता. तो त्यांना कुठल्याही उजेडात ओळखता आला असता. त्या दुपारी त्यांना दोनदा उमळून आलं आणि ते मागच्या दारी जाऊन उभे राहिले, पण पातेलं त्यांनी आपल्याच हातानं उतरवलं.

त्यानंतर दुपारी दार उघडं राहायला लागलं. आधी करीमभाई, मग त्यांच्या मागून फातिमाभाभी. धोंडुबाई आल्या तेव्हा आकारामनी काही न विचारता कप आणून ठेवला. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर वाढवा जरा. मला गोडमिट्ट लागतोय." हौसाच्या चहाशी त्यांनी तुलना केली नाही, ह्याचं आकारामना बरं वाटलं. कुणाला किती गोड आणि कुणाला बिनसाखरेचा, ते त्यांच्या लक्षात राहायला लागलं. गल्लीतला एक निवृत्त कंडक्टर, बाळासो, बिनपाण्याचा, निव्वळ दुधात पत्ती उकळलेला चहा मागायचा. त्याच्यासाठी ते वेगळं पातेलं ठेवायचे.

पण ह्यानं एकटेपणा संपला असं सांगितलं तर ते खरं होणार नाही. दुपारचा तेवढा तास सोडला तर दिवस तसाच लांबलचक असायचा. सकाळी एकच भांडं गॅसवर चढायचं. संध्याकाळी दिवा लावायचा आणि कॉटवर बसून समोरच्या भिंतीकडे बघायचं. आणि त्या तासातही ते बराच वेळ आत ओट्यापाशीच असायचे. बाहेर गप्पा रंगायच्या आणि ते भांडी विसळत ऐकायचे. "आत काय करतासा? भाईर या की," करीमभाई हाक मारायचे. ते येऊन उंबऱ्यावर बसायचे. लोक बोलायचे, ते मान हलवायचे. इतक्या वर्षांत गप्पा मारायची सवयच राहिली नव्हती. काय बोलावं हे सुचेपर्यंत विषय बदललेला असायचा. निदान करीमभाई मधूनच "व्हय नव्हं मिस्त्री?" म्हणून त्यांना त्यात ओढून घ्यायचे.

पुढच्या वर्षी करीमभाईंच्या मुलानं, शहजादनं, आईवडलांना कबनूरला न्यायचं ठरवलं. तिकडं त्याचे यंत्रमाग होते, वरच्या मजल्यावर घर होतं. दुकानाची जागा मालकाला परत केली. जायच्या दिवशी करीमभाई नेहमीच्या वेळी आले, आपला बिनसाखरेचा कप घेतला. निघताना त्यांनी आकारामच्या खांद्यावर हात ठेवला. "येत जावा तिकडं."

"येतो की."

आकाराम गेले, पण बऱ्याच दिवसांनी. एसटीनं इचलकरंजी, तिथून रिक्षानं कबनूर. घराखालीच मागांची शेड होती. जिन्यावर पाय ठेवल्यापासून खटाखट आवाज पायातून वर चढत होता. करीमभाई खिडकीशी खुर्चीत बसले होते. नजर आणखी गेली होती. हात धरल्यावर त्यांनी ओळखलं. फातिमाभाभींनी चहा आणला आणि आकारामपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मागांच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायला लागत होतं.

"करमतं का?" आकारामनी ओरडून विचारलं.

"ऑं?"

"करमतं का म्हणतोय!"

करीमभाईंनी हात हलवला. मग त्यांच्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. चहा बी वरचेवर येतो. पन बसणारं कोन न्हाय, मिस्त्री. ठेवला की पळाले."

त्यावर आकारामना पुण्याची गॅलरी सांगावीशी वाटली, पण एवढं सगळं ओरडून कसं सांगणार? ते खुर्ची सरकवून अगदी जवळ बसले. करीमभाईंनी सावकाश, फुंकून फुंकून चहा घेतला. आकाराम शेजारी बसून राहिले. माग चालत होते. चहा संपला तरी दोघं तसेच बसले, आणि ऊन खिडकीतून उतरून जमिनीवर आलं तेव्हा आकाराम गाडी चुकू नये म्हणून उठले. परतीच्या एसटीत त्यांना खिडकी मिळाली. हातकणंगल्यापर्यंत मागांचा आवाज कानात होता; पुढे तो कधी गेला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस होता. बाळासो आला नाही. धोंडुबाई तेवढ्या छत्री मिटत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. आकारामनी त्यांचा गोडमिट्ट चहा आणून दिला. आज आत जाऊन ऐकण्यासारखं बाहेर काही नव्हतं, म्हणून ते समोरच बसले.

"जाऊन आलासा म्हणं काल?" धोंडुबाईंनी विचारलं. "करीमभाई कसं हाईत?"

"हाईत," आकाराम म्हणाले. एवढं सांगून ते थांबले. धोंडुबाई कपावरून त्यांच्याकडे बघत होत्या. मध्ये बोलायला दुसरं कुणी नव्हतं. "डोळं पार गेल्यात," ते म्हणाले. "हात धरला तवा वळाकलं. खाली माग हाईत, चालू झालं की घर हालतंय. मी विचारतोय करमतं का, त्यास्नी ऐकूच यायचं न्हाय." त्यांना आठवून थोडं हसू आलं. "दोघं म्हातारं एकमेकांच्या कानात वरडतोय आन भाभी म्हणत्यात, भांडू नगा."

भाभी असं काही म्हणाल्या नव्हत्या. ते त्यांनी आत्ताच पदरचं घातलं होतं. धोंडुबाई हसल्या. कप रिकामा करून त्यांनी खाली ठेवला, पण छत्रीकडे हात नेला नाही. पाय जरा लांब केले.

"मग? म्होरं?" त्या म्हणाल्या.

आकाराम पुढं सांगायला लागले.